थोमाचे आठ दिवस: नवीन विश्वासात शंका आली की काय करायचं

मागच्या महिन्यात उपासना संपल्यावर चपला घालताना एक पोरगा माझ्याजवळ घुटमळला. खानापूर बाजूचा, बेळगावात उद्यमबागच्या कारखान्यांत कामाला, बाप्तिस्मा होऊन अजून वर्ष झालेलं नाही. इकडं तिकडं बघत हळूच म्हणाला, "अण्णा, एक विचारू काय? खरं पास्टरांना सांगू नका." विचार की म्हटलं. "रात्री प्रार्थनेला बसलो की वाटतंय, वर कोण ऐकायलंय की मी एकटाच बोलायलोय. माझा विश्वास गेला काय ओ?" चोरी करताना सापडल्यासारखा चेहरा झाला होता पोराचा.

आम्ही सीबीटी बस स्टँडपर्यंत चालत गेलो, बोलत बोलत. त्याची एक बस गेली, दुसरीपण गेली. त्या दिवशी जे बोललो तेच इथं जरा नीट लिहितोय, कारण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, आपल्या या सगळ्या पट्ट्यात नव्यानं विश्वासात आलेली बरीच माणसं हाच प्रश्न मनात घेऊन गप्प बसलेली असतात आणि एक दिवस यायचीच बंद होतात. तुम्ही मिस्साला जाणारे कॅथलिक असा, मेथडिस्ट असा नाहीतर कुणाच्या तरी घरच्या हॉलमध्ये भरणाऱ्या छोट्या मंडळीतले असा, शंका सगळ्यांच्या दारात येते. मी पाळक नाही, फाउंड्रीत काम करणारा माणूस आहे. विश्वासात येऊन एकवीस वर्षं झाली, आणि त्यातली कित्येक वर्षं शंकेसकटच काढली.

आधी थोमाची गोष्ट परत वाचा

योहानाचं शुभवर्तमान, अध्याय २०, ओवी २४ पासून. गोष्ट माहीत असते सगळ्यांना, संशयी थोमा म्हणून संडेस्कूलपासून त्याचं नाव पडलेलं असतंय. येशू उठला त्या दिवशी संध्याकाळी हा तिथं नव्हता, बाकीच्यांनी सांगितलं आम्ही प्रभूला बघितलं, हा म्हणाला खिळ्यांचे व्रण बघितल्याशिवाय आणि त्यात बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणारच नाही. इथपर्यंत आपण वाचतो आणि लगेच पुढं येशू आला तिथं उडी मारतो. मधली एक ओळ राहून जाते. आठ दिवसांनी शिष्य पुन्हा आत होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता.

आठ दिवस. त्याच घरात, त्याच बंद दारांच्या आत. दहा जण आनंदानं वेडे झालेले आणि हा एकटा ताटावर मान खाली घालून बसलेला, असं मला कायम दिसतं. त्यांनी त्याला आधी विश्वास ठेव मग ये म्हणून बाहेर काढलं नाही आणि तोही रागावून गावाकडं निघून गेला नाही. येशू आला तेव्हा थोमानं जे मागितलं होतं नेमकं तेच त्याच्यापुढं धरलं, हात आणि कूस. पुढं अविश्वासी राहू नको असंही म्हणाला, खरं आधी हात पुढं केला मग बोलला. आणि माझा प्रभू, माझा देव, ही एवढी मोठी कबुली त्या पुस्तकात याच माणसाच्या तोंडून आली. हाच थोमा इसवी सन ५२ मध्ये भारतात आला अशी आपल्याकडं जुनी परंपरा आहे, चेन्नईच्या मैलापूरला त्याची कबर दाखवतात.

मला सांगायचं ते एवढंच आहे की ते मधले आठ दिवस कसे काढायचे. तुमचे आठ दिवस आठ महिन्यांचे पण असू शकतात, त्याची तयारी ठेवा.

शंका कुठली आहे ते ओळखा

आमच्याकडं कास्टिंग खराब निघालं की नुसतं माल खराब म्हणून भागत नाही. ब्लोहोल असेल तर वाळूत ओल जास्त झाली असेल नाहीतर गॅसला बाहेर जायला वाट मिळाली नसेल. श्रिंकेज, म्हणजे माल आकसून पडलेलं भोक असेल, तर जाड जागेला शेवटपर्यंत रस पोचला नाही, जास्तीचा रस पुरवणारा रायझर कमी पडला. वरून दोन्ही भोकंच दिसतात, खरं ब्लोहोलला रायझर मोठा करून काय उपयोग? शंकेचं पण तसंच. सगळ्या शंकांवर विश्वास ठेवा हो, प्रार्थना करा हो, हे एकच औषध देणारे लोक भेटतील, वाईट नसतात ते, पण भोक कशाचं आहे ते त्यांनी बघितलेलं नसतं.

एक असते डोक्यातली शंका. बायबल बदललंय का, चार शुभवर्तमानांत फरक का, चांगल्या माणसाला कॅन्सर का. एक असते जखमेची, कुणीतरी गेलं, प्रार्थना केली ती ऐकली नाही. एक शरीराची, नाईट शिफ्ट, झोप नाही, जेवण वेळेवर नाही, आणि मन काळं झालंय. आणि एक घरची, म्हणजे मनात खरं तर शंका नसते पण घरातलं कुणी बोलत नाही, लग्नाला बोलवत नाहीत, आणि त्या एकटेपणातून वाटायला लागतं की चुकलं की काय आपलं. एकाच माणसात दोन दोन पण असतात. त्या पोराला मी आधी हेच विचारलं की झोपतोस किती? चार तास म्हणाला, तीन आठवडे सलग रात्रपाळी. अर्धं उत्तर तिथंच मिळालं.

शरीराची असेल तर

हे पटकन सांगतो पण हलकं घेऊ नका. पहिले राजे अध्याय १९ मध्ये एलीया एका झुडपाखाली पडून देवाला म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. केवढा मोठा संदेष्टा. देवदूत येतो आणि त्याला प्रवचन देत नाही, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, परत उठवून परत खायला घालतो. बोलणं त्याच्यानंतर, पार होरेब डोंगरावर.

तर आधी झोप आणि जेवण बघा. दोन तीन आठवडे कशातच मन लागत नसेल, रडू येत असेल, जगावंसं वाटत नसेल तर डॉक्टरकडं जा, सरकारचा टेली-मानस नंबर १४४१६ फुकट आहे, रात्री अपरात्री पण लावता येतो. मनाच्या डॉक्टरकडं जाणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. आणि गोळ्या बंद करा, देव बरं करेल, असं कुणी सांगितलं, कितीही मोठा प्रचारक असू दे, तर गोळ्या चालू ठेवा आणि त्या माणसाकडं जाणं बंद करा.

जखमेची असेल तर

इथं मला माझंच सांगावं लागेल. माझा धाकटा भाऊ. दोन्ही किडन्या गेल्या होत्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, मी रजा टाकून घेऊन जायचो, आई ज्वारीची भाकरी आणि बिनमिठाची भाजी फडक्यात बांधून द्यायची आणि तो बसमध्ये म्हणायचा आईला सांग जरा मीठ घालत जा. मंडळीनं तीन दिवस उपास-प्रार्थना केली. मला आतून खात्री होती की हा बरा होणार. दिवाळी झाल्यावर गेला.

चौथ्या की पाचव्या दिवशी बाहेरून आलेले एक प्रचारक सांत्वनाला म्हणून घरी आले आणि आईसमोर म्हणाले, या घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला. त्या रात्री आई भांडी घासताना थांबली आणि मला म्हणाली, माझाच कमी पडला असंल काय रे?

त्यानंतर सात महिने मी चर्चमध्ये पाऊल ठेवलं नाही. बायबल कपाटावर टाकलं होतं, वर धूळ.

त्या सात महिन्यांत आमच्या मंडळीतल्या एक आज्जी दर पंधरा दिवसांनी गुरुवारी यायच्या. खानापूर रोडकडच्या एका गावच्या, थोडी भाताची शेती. यायच्या, आईबरोबर लसूण सोलत बसायच्या, चहा घ्यायच्या, जायच्या. विश्वासाचा विषय एकदाही काढला नाही. मे महिन्याच्या शेवटी आल्या तेव्हा त्यांच्याकडं धूळवाफ पेरणी नुकतीच झाली होती. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, आपल्याकडं वळवाचा एखादा पाऊस झाला की शेत तयार करून मोसमी पावसाच्या आधीच कोरड्या मातीत भात पेरून टाकतात, धुळीतच, आणि मग आभाळाकडं बघत बसतात. मी सहज विचारलं, आज्जी, पाऊस लांबला तर? म्हणाल्या, "लांबला तर लांबला. बी मातीत हाय न्हवं. उकरून बघत बसलं तर मातूर मरतंय." मग उठताना, अगदी दारात, मला म्हणाल्या, "तुला विश्वास ठेवायला जमंना तर ऱ्हाऊ दे. तुझ्या वाटचा आम्ही ठेवतोय. तू नुसता येऊन बस."

मला राग आला होता खरं सांगायचं तर. पण नंतर मार्क २ मध्ये सापडलं ते. चौघं जण पक्षाघात झालेल्या माणसाला छप्पर उकलून खाली सोडतात आणि तिथं लिहिलंय, येशूनं त्यांचा विश्वास बघितला. त्यांचा. खाटेवरच्या माणसाचा होता की नव्हता, काहीच लिहिलेलं नाही.

भाऊ का गेला याचं उत्तर मला आजपर्यंत मिळालेलं नाही आणि मी ते तुम्हाला देणार पण नाही. जखमेच्या शंकेत उत्तर शोधत पळू नका एवढं सांगतो. ईयोबाची ४२ अध्यायांची गोष्ट वाचा, त्यात सगळ्यात चांगलं काम मित्रांनी पहिल्या सात दिवसांत केलं, जेव्हा ते नुसते जमिनीवर त्याच्याजवळ गप्प बसले होते. तोंड उघडल्यावर सगळं बिघडलं, आणि शेवटी देवानं त्या मित्रांनाच सुनावलं, देवाशी भांडणारा ईयोबच माझ्याबद्दल बरोबर बोलला असं त्यांना सांगितलं. तेव्हा तुमच्याकडं येणाऱ्यांत जो गप्प बसू शकतो त्याला जवळ ठेवा.

शंका प्रार्थनेतच बोला

नवीन माणसाला वाटतं प्रार्थना म्हणजे चांगलं चांगलं बोलायचं, धन्यवाद, स्तुती, आमेन. मनात एक आणि तोंडात एक असं झालं की थोड्या दिवसांत प्रार्थनाच खोटी वाटायला लागते, आणि मग देवच खोटा वाटायला लागतो. म्हणून मनात आहे तेच बोला. स्तोत्र १३ काढा, सहा ओव्यांचं आहे, त्यातल्या पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा विचारलंय की किती वेळ. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी आशेचं एक वाक्य पण नाही, आणि तरी ते बायबलमध्ये ठेवलंय. ज्यांनी ही गीतं ठेवली त्यांना माहीत होतं की असे दिवस येतात. रात्री काहीच सुचत नसेल तर यातलं एक मोठ्यानं वाचा, पुटपुटत नव्हे, कानाला ऐकू येईल असं. तीच तुमची त्या दिवशीची प्रार्थना.

आणि भाषेचं एक सांगतो, आपल्या भागाचा खास प्रश्न आहे हा. कित्येकांची उपासना कन्नडमध्ये असते, गाणी अर्धी कन्नड अर्धी मराठी, शाळा कन्नड मीडियम, घरात मराठी, कुणाच्या घरी कोकणी. चर्चमध्ये ऐकलेली कन्नड प्रार्थना पाठ करून तीच घरी म्हणणारे लोक मी बघितलेत, त्यांना वाटतं देवाशी बोलायची भाषा तीच. ज्या भाषेत तुम्ही आईशी भांडता त्या भाषेत प्रार्थना करा. देवनागरी वाचायला जड जात असेल तर मोबाईलवर मराठी बायबलचं ॲप फुकट मिळतं, त्यात ऐकायची पण सोय असते, बसमध्ये कानात घालून ऐका.

आपल्या बेळगावकडच्या मराठीत 'पण' म्हणायचं असलं तरी आपण 'खरं' म्हणतो. येतो म्हटलो होतो, खरं बस चुकली. बाहेरच्या माणसाला कळत नाही, त्याला वाटतं हा कशाची खात्री देतोय. मार्क ९ मध्ये आजारी पोराचा बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, आणि मला ते वाक्य कायम आपल्या भाषेत ऐकू येतं. विश्वास हाय ओ, खरं... तो 'खरं' म्हणजे शंकाही आहे आणि त्या बापाकडचं सगळ्यात खरं बोलणंही तेच आहे. येशूनं त्या अर्ध्या विश्वासावरच पोराला बरं केलं. ही प्रार्थना पाठ करा, सगळ्यात छोटी आहे, लेथवर उभं राहून पण म्हणता येते.

डोक्यातली असेल तर वही करा

शंभर पानी वही घ्या. एका पानावर एकच प्रश्न, वर तारीख. पहिलं कारण म्हणजे डोक्यात फिरणारा प्रश्न कागदावर आला की त्याचा आकार कळतो, दहा प्रश्न वाटत असतात ते लिहायला बसलं की तीनच निघतात. दुसरं म्हणजे रात्री दोन वाजता मोबाईलवर शोधत बसण्यापेक्षा लिहून झोपता येतं. तिथं एका बाजूला सगळं थोतांड म्हणणारे आणि दुसऱ्या बाजूला ओरडून ओरडून सगळं सिद्ध करणारे, दोघांनाही तुमची काळजी नसते.

मग एकेक प्रश्न घेऊन वेळ द्या. वाचायचं ते वाचा. उदाहरणार्थ बायबल मागाहून बदललं हा प्रश्न सगळ्यांना येतो. १९४७ पासून मृत समुद्राजवळ कुमरान इथल्या गुहांत जुन्या गुंडाळ्या सापडायला लागल्या, त्यात यशयाचं पूर्ण पुस्तक होतं, त्याआधी हातात असलेल्या इब्री प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षं जुनं, आणि किरकोळ फरक सोडले तर मजकूर तोच. पुनरुत्थानाबद्दल विचार करायचा तर पहिलं करिंथ अध्याय १५ पासून सुरू करा, कारण ते पत्र घटनेनंतर वीस पंचवीस वर्षांतलं, त्यात पौल साक्षीदारांची नावं देतो आणि म्हणतो त्यातले बरेच जण अजून जिवंत आहेत, म्हणजे जाऊन विचारा. तसंच मार्कचा शेवट सगळ्यात जुन्या प्रतींत १६:८ ला संपतो, हेही तुम्हाला कुणीतरी सांगेल, आणि ते खरं आहे, बऱ्याच छापील बायबलमध्ये तशी टीप असते. लपवलेलं काही नाही. अशा गोष्टी आधी आपल्याच माणसाकडून कळलेल्या बऱ्या.

प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये बिरुयातल्या लोकांचं कौतुक केलंय ते याच्यासाठीच की पौलानं सांगितलं म्हणून लगेच मान हलवली नाही, रोज शास्त्र काढून तपासत बसले.

काही जण याकोब १:६ दाखवतील, संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा, त्याला काही मिळणार नाही. त्या ओवीनं मी माणसं रडलेली बघितलीत. ती पूर्ण वाचा, १:५ पासून. ज्याला ज्ञान कमी आहे त्यानं देवाकडं मागावं, देव दोष न लावता देतो, असं सुरू होतं ते. मग लाटेचं येतं आणि ८ व्या ओवीत तो माणूस द्विबुद्धी म्हटलाय, म्हणजे एक पाय इकडं एक पाय तिकडं, कुठंच यायचं नाही असा. जो रात्री जागून देवा मला कळू दे म्हणतोय तो तसा नव्हे. आणि याच नव्या करारात यहूदाच्या पत्रात २२ वी ओवी आहे, जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा. कुणी पहिली दाखवली तर तुम्ही शांतपणे दुसरी दाखवा.

आपल्याच मातीतली दोन माणसं

बाबा पदमनजी आपल्या बेळगावचे, १८३१ चा जन्म. मिशनच्या शाळेत शिकताना ख्रिस्ताबद्दल कळलं, पण कळलं आणि झालं असं नव्हे. मुंबईला गेले, जातिभेद न मानणाऱ्या गुप्त परमहंस सभेत गेले, वाचत राहिले, घाबरत राहिले, घरच्यांचा विचार करत राहिले, आणि १८५४ साली बाप्तिस्मा घेतला. पुढं आयुष्यभर मराठीत लिहीत राहिले. आज ज्या गल्ल्यांतून आपण जातो तिथंच हा माणूस डोक्यात प्रश्न घेऊन फिरला असेल.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला, आणि नंतर तिथल्या सिस्टरांना त्यांनी पत्रांतून एवढे प्रश्न विचारले, त्रैक्यावर म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव यावर, चर्चच्या अधिकारावर, की त्या सिस्टर काळजीत पडल्या. रमाबाईंनी पुढं स्वतःच सांगितलंय की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि हे त्यांना बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी उमगलं. आठ वर्षं. त्या काळात त्या काम करत होत्या, शारदा सदन सुरू केलं, मुली सांभाळत होत्या. नंतर केडगावला मुक्ती मिशन झालं, आणि मूळ इब्री ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत करत करत १९२२ साली गेल्या. ज्या बाईला प्रश्नांबद्दल टोकलं गेलं तिनं असं काम केलं. तुमच्या वहीतल्या प्रश्नांना लाजू नका.

एक माणूस शोधा

पन्नास जणांना सांगू नका आणि कुणालाच सांगितलं नाही असंही करू नका. एक माणूस. कसा ओळखायचा? जो स्वतःच्या चुका सांगतो. जो ऐकताना मोबाईल बाजूला ठेवतो. ज्याला तुम्ही दुसऱ्याचं गुपित सांगताना कधी ऐकलेलं नाही. बाईमाणसानं बाईकडंच बोललेलं सोपं जातं, बहुतेक मंडळ्यांत एखादी अक्का नाहीतर मावशी अशी असतेच. कॅथलिक असाल तर फादरांकडं पापनिवेदनात पण हे बोलता येतं आणि ते बाहेर जात नाही. पाळकांना घाबरून लपवू नका, बऱ्याच पाळकांना स्वतःला या रस्त्यानं जावं लागलेलं असतं. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानं सुद्धा तुरुंगातून निरोप पाठवून येशूलाच विचारलं होतं की येणारा तो तूच का आम्ही दुसऱ्याची वाट बघू. येशूनं उत्तर दिलं आणि निरोपे गेल्यावर लोकांसमोर त्याच योहानाचं कौतुक केलं.

आणि ज्याच्याकडं जाऊ नये तो म्हणजे जो शंका ऐकून लगेच तुमचं पाप शोधायला लागतो, जो पैसे घेऊन प्रार्थना करतो, आणि जो तुमच्या घरच्यांशी संबंध तोडायला सांगतो.

घरची असेल तर

गावात लक्ष्मीची जत्रा निघाली, घरचे यल्लम्माला सौंदत्तीला निघाले, तुम्ही नाही म्हटलं की ताटं आपटली जातात. इथं घाई करू नका. प्रसादाबद्दल काय करायचं ते पौलानं पहिलं करिंथ ८ ते १० मध्ये तीन अध्याय भरून लिहिलंय, एका ओळीत नाही, ते पाळकांबरोबर बसून वाचा. पण जत्रेला आलेल्या पाहुण्यांसाठी पाणी भरायला, मंडप बांधायला, आज्जीला दवाखान्यात न्यायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. घरच्यांच्या देवाबद्दल वाकडं बोलू नका, कधीच.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९००. मधली पाच वर्षं लक्षात घ्या, आधी ताटातूट, मग एकत्र आल्यावर पण त्या आपलं सोवळं सांभाळूनच राहत होत्या. तुमच्या घरच्यांना पण तेवढा वेळ द्या, आणि तेवढा वेळ एकटं राहायला लागतं म्हणून आपलं चुकलं असं समजू नका.

रोजचं काय करायचं

मार्कपासून सुरू करा, सोळा अध्याय, दिवसाला एक. सकाळी पहिल्या शिफ्टच्या आधी पंधरा मिनिटं, चहा होईपर्यंत. वाचून झाल्यावर दोनच गोष्टी लिहा, काय आवडलं आणि काय पटलं नाही. दोन्ही. रात्री एक स्तोत्र. मार्क झाला की योहान, एकवीस अध्याय. मधे चार दिवस चुकले तर मागचं भरत बसू नका, त्या दिवसापासून पुढं चला. प्रकटीकरणापासून सुरू करू नका, उत्साहात बरेच जण करतात आणि घाबरून पुस्तक बंद करतात.

शंका असताना कुणासाठी तरी काही करणं सोडू नका. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मंडळीतलं कुणी ॲडमिट असेल तर डबा घेऊन जा. मदर तेरेसांची पत्रं त्या गेल्यावर दहा वर्षांनी, २००७ ला बाहेर आली तेव्हा कळलं की जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना आतून देव जवळ आहे असं वाटतच नव्हतं, आणि त्या रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसत होत्या, मग कामाला जात होत्या. वाटणं आणि विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्यांच्यामुळं समजलं.

आणि रविवार चुकवू नका. गाणं म्हणवत नसेल तर म्हणू नका, उभे राहा नुसते. साक्ष द्या म्हणून कुणी आग्रह केला तर आज नको म्हणा. प्रभुभोजन घ्यावं की नाही असं वाटत असेल तर आदल्या दिवशी पाळकांशी बोला. मत्तय २८:१७ वाचलंय? उठलेल्या येशूला डोंगरावर बघून अकरा जणांनी नमन केलं, खरं काहींना संशय वाटला. तिथंच पुढच्या ओव्यांत तो जगभर जायची आज्ञा देतो, सगळ्यांना एकत्रच, संशयवाल्यांना बाजूला काढून नव्हे.

सीबीटीवर तिसरी बस लागली तेव्हा त्या पोरानं पायरीवर पाय ठेवून विचारलं, "रविवारी मागच्या बाकावर बसलो तर चालतंय काय अण्णा? पुढं बसलं की सगळे बघतात." चालतंय की म्हटलं. आता आम्ही दोघं मागंच बसतो, खिडकीजवळ, तिथं वारा पण चांगला येतो. गेल्या रविवारी गाण्याच्या वेळी तो गप्प उभा होता, मी पुस्तक दोघांच्या मधे धरलं होतं. त्याची वही त्याच्या खिशात होती, चौथ्या पानापर्यंत भरलेली.